आधी केक, मग पत्र

बेकप, लँकेशायर
मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

प्रिय रसेल,

फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. तू घाईत असतोस आणि मला फोनवर काही सुचत नाही. तेव्हा आपली जुनी वहिवाट बरी. तू चौदा वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला लिहितेय, आता लंडनवाला झालास म्हणून सोडणार नाही.

तर तुझी मालिका. ‘परतीचा माल’चे दोन भाग झाले आणि आमच्या पेल अँड ग्रिमशॉ कंपनीत दुसरा विषय उरलेला नाही. आमच्या खात्यात आम्ही नऊ जण. दिवसभर वॉलपेपरचे नमुने कापायचे, चिकटवायचे, त्यांची पुस्तकं दुकानांना धाडायची. सोमवारी नऊच्या नऊ टीव्हीपुढे. मंगळवारी किटलीला उकळी फुटायच्या आत विनीने अख्खा भाग करून दाखवलेला असतो. मी कुणाला बोलले नव्हते, पण शेवटी नावं सरकतात त्यात तिने ‘रसेल पिकप’ बरोबर टिपलं. आता मी खात्यात मोठी बाई झालेय.

शेजारच्या मिसेस ग्रीनहाल्घना अजून वाटतं की मालिकेतलं ते ऑफिस खरंच आहे, आणि टीव्हीवाले कॅमेरा घेऊन आत शिरलेत. म्हणाल्या, “एवढं सगळं टिपतायत तर त्या साहेबाला कुणी सांगत कसं नाही, बाबा, जरा गप्प बस.” मी म्हटलं, “अहो, नट आहेत ते.” तर म्हणाल्या, “नट असे अडखळतात होय?” तुझं सगळ्यात मोठं कौतुक हेच समज.

मला कोण आवडतं सांगू? शीला. ती काहीच बोलत नाही. मालिकेतले साहेब बावळटासारखं बोलले की नुसती मान वळवून कॅमेऱ्याकडे बघते. बघते म्हणजे माझ्याकडेच बघते. ‘पाहिलंस ना?’ असं. सत्तावीस वर्षं मी ज्या भिंतीकडे तसं बघत आलेय, त्या भिंतीत कॅमेरा असता तर काय बहार आली असती असं मनात आलं.

आणि आमचे थ्रेलफॉल साहेब. ते तर वेडे झालेत मालिकेपायी. टेप करून ठेवतात. कालच्या भागात मालिकेतला तो साहेब, मिस्टर टॉफ्ट, फोटोकॉपीच्या मशीनला टेबल लावून बसतो आणि म्हणतो, “मी मुद्दाम लोकांत येऊन बसलोय.” साहेब आज सकाळी ते आठवून डोळे पुसेपर्यंत हसत होते. कुठे बसून, ते तुला ठाऊक आहे. फोटोकॉपीच्या मशीनशेजारी. मागून विनीने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून डिंकाच्या डब्याचं झाकण शोधत बसले.

टॉफ्ट म्हणजे कोण रे? नको, सांगू नकोस. किंवा सांग.

तुझी,
एनिड मावशी


लंडन
२० ऑक्टोबर २००३

प्रिय मावशी,

तुझं पत्र आमच्या लिखाणाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलंय. फक्त मिसेस ग्रीनहाल्घचा मजकूर कापून लावलाय, घाबरू नकोस.

टॉफ्ट म्हणजे कुणीच नाही. आम्ही तिघे लिहितो, आणि तिघांनीही कुठे ना कुठे नोकरी केलीय. एकाचा बँकेतला साहेब, एकीच्या शाळेतले मुख्याध्यापक, असा चिंध्या जोडून केलेला गोळा आहे तो. मशीनशेजारी बसणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. खरंच असतो.

लोकांना हे इतकं का आवडतंय, असं मला परवा एका वार्ताहराने विचारलं. मी म्हटलं, आपण कसे दिसतो हे आपल्याला कधीच कळत नाही. टॉफ्टला वाटतं तो लोकांचा लाडका आहे. कॅमेऱ्याला माहीत असतं तो नाही. ह्या दोन गोष्टींच्या मधे जी फट आहे तिच्यात सगळा विनोद. मागून वाजतं ते रेकॉर्ड केलेलं हसू आम्ही मुद्दाम ठेवलं नाही. हसायचं की मान खाली घालायची, हे बघणाऱ्याने आपलं ठरवावं. छान बोललो ना? पेपरात छापून आलं.

थ्रेलफॉल साहेब खरंच बघतात? प्रत्येक भाग? सहावा भाग आमचा सगळ्यात जमलेला आहे, असं सगळे म्हणतात. दहा नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी तुझ्या चर्चची मंडळी जमत नाहीत का? बघितला नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही.

तुझा,
रसेल


बेकप
११ नोव्हेंबर २००३, सकाळी

रसेल,

काल सहावा भाग पाहिला. अकरा माणसांना कामावरून काढल्याची पत्रं द्यायची आहेत, आणि टॉफ्टच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून तो कस्टर्डच्या केकची खोकी घेऊन येतो. दाराबाहेर शीलाला विचारतो, “आधी केक द्यावा का आधी पत्र?” शीला म्हणते, “आधी केक, मग पत्र.” आणि कॅमेऱ्याकडे बघते.

हे ९८ साली आमच्या जिन्याच्या तोंडाशी झालं. तिथे दोनच माणसं होती. एक थ्रेलफॉल साहेब आणि एक मी.

चिंध्यांचा गोळा म्हणालास. आता मला कामावर जायचं आहे. उलट टपाली लिही.

एनिड


लंडन
१४ नोव्हेंबर २००३

प्रिय मावशी,

खोटं बोललो. आता सगळं सांगतो.

पहिले दोन महिने आमचं काही जमत नव्हतं. पात्रं पुठ्ठ्याची वाटायची. एके दिवशी मी तुझी जुनी पत्रं खोलीत नेली आणि मोठ्याने वाचली. एक वाचलं, दुसरं वाचलं. सगळे खुर्चीवरून पडायचे बाकी होते. निर्मातीणबाई म्हणाल्या, “ही बाई कोण आहे? हिला कामावर घ्या.” मग दर सोमवारी एक पत्र वाचायचं असं ठरूनच गेलं. ‘पिठीसाखर लागलेल्या ओठांनी अकरा माणसं आपलं नशीब वाचत होती, आणि साहेब विचारत होते, कस्टर्ड बरं लागलंय ना.’ हे वाक्य तुझं आहे. ह्याच्यापेक्षा चांगलं मला आयुष्यात लिहिता आलेलं नाही.

शीला तूच आहेस. तुला ते आवडेल असं मला वाटलं होतं, आणि पहिल्या पत्रावरून आवडल्याचं दिसलंही होतं.

नावं बदलली आहेत. गाव बदललंय. वॉलपेपर नाही, घरपोच मालाचा धंदा आहे. पाच वर्षं झाली त्याला. ते अकरा जण तर केव्हाच पांगले. थ्रेलफॉलना कळलं नसेल, मावशी. अशा माणसांना कधी कळत नाही. म्हणूनच तर ते तसे असतात.

काय झालं ते लिही. तीन दिवस फोन उचलत नाहीस.

रसेल


बेकप
रविवार, २३ नोव्हेंबर

रसेल,

कळलं त्यांना.

त्या मंगळवारी मी पोचले तेव्हा ते नेहमीसारखे आधीच आलेले होते. कोट खुंटीला. खातं इतकं चिडीचूप होतं की वरच्या मजल्यावरची छपाई ऐकू येत होती. आणि त्यांच्या टेबलावर, कागदाच्या बशीत, कस्टर्डचा एक केक. कुणी ठेवला ते माहीत नाही. छपाईवाल्यांपैकी कुणीतरी असणार, ते कसलेही विनोद करतात. सगळ्यांच्या माना खाली, पण नजरा तिथेच.

साहेबांनी बशी जवळ ओढली. म्हणाले, “कुणाचे आभार मानायचे?” मग त्यांनी तो खाल्ला. सगळा खाल्ला, रसेल, सावकाश, सरळ बसून. बशीत पडलेली साखरसुद्धा बोटाने टिपली. विनी रडायला लागली आणि तिला स्वच्छतागृहात न्यावं लागलं. मी नाही रडले. मी नमुने मोजत होते. एकच गठ्ठा चार वेळा मोजला.

अकरा वाजता ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “एनिड, त्या दिवशी जिन्यात आपण दोघेच होतो ना? मला नीट आठवत नाही म्हणून विचारतो.”

त्यांना नीट आठवत होतं. तू माझा भाचा आहेस हेही त्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात तेच सगळ्यांना सांगत फिरले होते, आपल्या एनिडचा भाचा म्हणून. ते मला वाट करून देत होते. नुसतं ‘हो साहेब, माझं चुकलं’ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “योगायोग असेल, साहेब. असं सगळीकडेच होत असेल.”

ते म्हणाले, “हो. असेल.” आणि आपल्या जागी गेले.

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात. ऑर्डर किती, डिंक आला का, पावसात छत्री आणलीत का. परवा मालिकेचा विषय कुणी काढला तर म्हणाले, “मी हल्ली सोमवारी बाहेर असतो.” ते कुठे जाणार आहेत सोमवारी?

तू विचारतोस काय झालं. मला सत्तावन्नाव्या वर्षी तोंड लपवायला जागा नाही, हे झालं. तू काही करू नकोस. माफीची पत्रं पाठवू नकोस त्यांना. गप्प राहा.

एनिड मावशी


लंडन
१ डिसेंबर २००३

प्रिय मावशी,

तू गप्प राहा म्हणालीस, पण मला राहवलं नाही. शनिवारी मी थ्रेलफॉलांच्या घरी जाऊन आलो. तुला कळवलं नाही कारण तू येऊ दिलं नसतंस. तुझ्या दारावरून गेलो आणि वर न बघता पुढे गेलो, त्याचीही लाज वाटते.

पण बातमी चांगली आहे. ते रागावलेले नाहीत. अजिबात नाही.

दार त्यांच्या बहिणीने उघडलं. मुरिएलबाई. मी नाव सांगितलं तशी त्या मला तिथेच उभं ठेवून आत गेल्या. मग ते स्वतः आले आणि म्हणाले, “या, या, थंडी आहे.” चहा दिला. डब्यातल्या सामन माशाची सँडविचं दिली, कडा कापलेली. मी पाठ करून आलेलं सगळं बोलून टाकलं. ते ऐकत होते आणि मधेच म्हणाले, “साखर घेतलीत का?”

मग त्यांनी मालिकेबद्दलच विचारलं. कॅमेरा हातात धरतात का, नटांना पानं पाठ करायला किती दिवस देतात. म्हणाले, “तो टॉफ्टचं काम करणारा माणूस फार गुणी आहे. पण एक सांगू का? तो विनोद करतो तेव्हा कुणी हसणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असतं. ते डोळ्यांत दिसतं. मला ते ठाऊक नव्हतं.” आणि हसले.

मी विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा मालिका का आवडली होती. ते म्हणाले, “त्या टॉफ्टकडे बघायला कुणीतरी आहे, म्हणून. माणूस किटली भरतो, फाइल ठेवतो, आणि कुणीतरी ते बघण्यासारखं समजून बघतंय. आमच्या खात्यात छत्तीस वर्षांत कुणी डोकावलं नाही. मला वाटायचं, हे बरं आहे. आमच्यासारख्यांचंही कुणी बघतंय.”

किती सुंदर बोलले ना? मी गाडीत बसल्यावर लिहून काढलं.

तुझ्याबद्दल मी स्पष्ट सांगितलं की मावशीने मला सगळं प्रेमानेच लिहिलं होतं, दोष माझा. ते म्हणाले, “एनिडचं अक्षर चांगलं आहे.” निघताना हात मिळवला. मला वाटतं, प्रकरण मिटलं, मावशी. आपण दोघं उगाच जीव काढत होतो.

तुझा,
रसेल


बेकप
रविवार, ७ डिसेंबर

रसेल,

सोमवारी तुझं पत्र टपालात पडलं असेल, आणि त्याच सोमवारी थ्रेलफॉल साहेबांनी राजीनामा दिला. मार्चअखेर जाणार. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. आता सांग, काय मिटलं?

एवढी वर्षं माणसांचं निरीक्षण करून पैसे मिळवतोस, आणि एक सभ्य माणूस तुला चहा पाजतो ते घराबाहेर काढता येत नाही म्हणून, हे तुला दिसलं नाही. आणि ‘प्रेमाने लिहिलं होतं’ हे त्यांच्या दिवाणखान्यात बसून कुणी सांगायला सांगितलं होतं? मी त्यांना तोंडावर योगायोग म्हटलं होतं. तू जाऊन माझं खोटं त्यांच्यापुढे उघडं करून आलास. आणि त्यांचं बोलणं गाडीत बसून लिहून काढलंस. ते कशासाठी, ते मला कळव.

पण तुला झोडपून मी सुटत नाही. तुला एक गोष्ट मी कधीच लिहिली नाही. ती आता लिहिते, कारण तिच्याशिवाय तू जे दाखवलंस ते सगळं खोटं आहे, आणि ते खोटं तू नाही, मी केलंय.

९८च्या फेब्रुवारीत मँचेस्टरहून फॅक्स आला. फॅक्स मीच घ्यायचे. आमच्या खात्यातून बारा माणसं कमी करायची, त्यांची नावं. अकरा नाही, बारा. बारावं नाव एनिड ऑर्मरॉड. तुझ्या हॅरॉल्डकाकांना जाऊन आठ महिने झाले होते. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर उपडा ठेवला आणि घरी येऊन पडले.

पुढच्या दोन आठवड्यांत साहेब तीनदा मँचेस्टरला गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. तिसऱ्या खेपेनंतर नवा फॅक्स आला. त्यात अकरा नावं होती. आणि खाली एक ओळ, की खातेप्रमुखाची जागा रद्द, श्री. थ्रेलफॉल ह्यापुढे पर्यवेक्षक म्हणून काम पाहतील. त्यांची काचेची केबिन त्या शुक्रवारी गेली. त्यांनी स्वतः टेबल ओढून फोटोकॉपीच्या मशीनशेजारी नेलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, “मुद्दाम लोकांत येऊन बसलोय.”

ह्यावर मी तुला काय लिहिलं होतं आठवतंय? ‘साहेबांनी सिंहासन हलवलं, आता प्रत्येक कागदाबरोबर त्यांचं दर्शन घ्यावं लागतं.’ तू हसून हसून मेलास म्हणून कळवलंस.

आणि केक. ते अकरा जण सकाळी सातला घरून निघायचे, काहींना साखरेचा त्रास होता, काहींना चक्कर यायची. उपाशीपोटी असं पत्र कुणाच्या हातात पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला विचारलं कारण त्यांना चुकायचं नव्हतं. मी ‘आधी केक’ म्हटलं ते गंमत म्हणून नाही. मला तेच बरोबर वाटलं. नंतर तुला लिहायला बसले तेव्हा मी ती गंमत केली.

का केली, हे मी पाच वर्षं स्वतःला विचारलं नाही. आता विचारतेय. त्यांनी कधी एका शब्दाने मला ते जाणवू दिलं नाही. मी कधी आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं, मग त्या अकरा जणांकडे बघणं कठीण झालं असतं. ज्याच्यामुळे आपण टिकलो त्याच्याकडे रोज बघायचं, ते जड जातं रे. तोच माणूस हास्यास्पद आहे असं ठरवलं की हलकं वाटतं. मी दर रविवारी तुला लिहून हलकी व्हायचे.

लोकांना शीला आवडते कारण ती एकटी शहाणी. तिला कॅमेरा होता. मला तू होतास.

एनिड


लंडन
१८ जानेवारी २००४

प्रिय मावशी,

तुझं पत्र आल्यापासून सहा आठवडे मी रोज उत्तर लिहायला बसलो. आज फक्त काय घडलं तेवढंच लिहितो.

मी तो प्रसंग लिहिला. दुसऱ्या मालिकेसाठी. टॉफ्ट शीलासाठी आपली जागा देतो आणि तिला कळतं. पात्रांचीच नावं घातली. तुझी परवानगी विचारली नाही, हे पहिलं. बाकीच्या दोघांना आणि निर्मातीणबाईंना वाचून दाखवला. कुणी हसलं नाही, कुणी नाकंही मुरडली नाहीत. मग निर्मातीणबाई म्हणाल्या, “चांगलं आहे. पण मग आजवर आपण हसलो त्याचं काय करायचं?”

मला तेव्हा म्हणायला हवं होतं की तोच तर प्रश्न आहे. मी म्हटलं, “बरोबर आहे, शेवटी एक विनोद घालू या.” मीच म्हटलं, मावशी. कुणी जबरदस्ती केली नाही. टॉफ्ट टेबल ओढताना त्याची पँट अडकून फाटते असं मीच सुचवलं. सगळे हसले, मलाही बरं वाटलं, आणि घरी येताना मला स्वतःच्या अंगाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी जाऊन तो प्रसंग काढून टाकला. फाडला. निदान ते तरी केलं. मालिका सोडणार आहे का, असं विचारशील. नाही. घर घेतलंय, मार्चमध्ये चित्रीकरण आहे. एवढा चांगला मी नाही, हे तुला आता ठाऊक असलेलं बरं.

थ्रेलफॉलांचं बोलणं गाडीत का लिहिलं, असं विचारलं होतंस. तुला वाटलं त्याचसाठी, मालिकेत वापरायला. तो कागदही फाडला.

रसेल


बेकप
रविवार, २८ मार्च २००४

प्रिय रसेल,

परवा शुक्रवारी साहेबांचा निरोप समारंभ झाला. मी तुझ्यावर अजून नाराज आहे, पण तुझ्या जानेवारीच्या पत्रात एकही वाक्य सजवलेलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

कँटीनमध्ये झाला. साठेक माणसं असतील. मांस भरलेल्या पेस्ट्र्या होत्या, चीज-कांद्याच्याही होत्या. केक कुणी आणला नव्हता, तेवढी शहाणी माणसं आहेत. मुरिएलबाई आल्या होत्या, मला बघून त्यांनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. कर्मचारी विभागाची एक बाई कागदावरून बोलायला उठली. ‘मिस्टर थ्रेलफॉल म्हणजे आमच्या कुटुंबाचा,’ एवढं म्हणाली आणि छपाईतल्या एका पोराने मान वळवून भिंतीकडे बघितलं. तसं. शीलासारखं. चारपाच जण फिस्सकन हसले. ती बाई गोंधळली, कागद दुमडला आणि निरोपाचं घड्याळ साहेबांच्या हातात देऊन खाली बसली.

हे तुझ्या मालिकेने केलंय बघ. आमच्याकडे आता कुणाला मनापासून काही बोलता येत नाही. तोंड उघडलं की माणूस टॉफ्ट होतो.

साहेब घड्याळ धरून उभे होते. आता काही बोलावं का घरी जावं, ते त्यांना कळत नव्हतं. आणि मी उठले. ठरवलं नव्हतं. उठले तेव्हा काय बोलणार तेही माहीत नव्हतं. चहाच्या पिंपाशी उभी राहून बोलायला लागले आणि माझा आवाज असा चिरका निघाला की मलाच ओळखू येईना.

मी सगळं सांगितलं. फॅक्स, बारा नावं, बारावं माझं. तीन खेपा. केबिन. म्हटलं, “साहेब मशीनशेजारी का बसतात ह्यावर तुम्ही सहा वर्षं हसताय. माझी नोकरी राहावी म्हणून ते तिथे बसलेत.” म्हटलं, “टीव्हीवरचं ते सगळं माझ्या पत्रांतून गेलंय. मी लिहिलं. हसावं म्हणून लिहिलं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं.” ते अकरा जण होते त्यांची नावंसुद्धा घेतली. का घेतली माहीत नाही. मग आणखी बोलले, हॅरॉल्डच्या दुखण्याचं काहीतरी बोलले, ज्याचा तिथे काही संबंध नव्हता. थांबता येईना. बोलताना दिसत होतं, खिडकीशी दोघी पोरी एकमेकींकडे बघताहेत, ओठ दाबून, अगदी शीलासारख्या. म्हणजे माझ्यासारख्या. ज्याला हसतात त्याच्या बाजूने ते कसं दिसतं हे एवढी वर्षं मला माहीत नव्हतं. तरी शेवटपर्यंत बोलले.

टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी खोकलं. विनीने उगाच बश्या गोळा करायला घेतल्या. मुरिएलबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. भावाने त्यांनाही ती फॅक्सची गोष्ट कधी सांगितली नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

साहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं काही बोलतील. म्हणाले, “हे जरा धरा.” घड्याळ माझ्या हातात दिलं, कोट घातला, सगळी बटणं लावली, आणि घड्याळ परत घेतलं. मग म्हणाले, “थोडं लांबलं, एनिड.”

मी म्हटलं, “हो, साहेब.”

“हॅरॉल्डचं वगळता आलं असतं.”

“हो.”

मी त्यांच्यामागून गेटपर्यंत गेले. मुरिएलबाई पुढे गाडी काढायला गेल्या होत्या. तिथे आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “साहेब, मला माफ करा.” हे मला नोव्हेंबरातच म्हणायचं होतं. खरं तर ९८लाच.

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “मी अजून रागावलेला आहे. जाईल बहुधा. पण तोवर इथे थांबू नका, तुमची बस चुकेल.”

मी बस पकडली.

हे तुला सांगितलं, कारण अशा गोष्टी सांगायला मला दुसरं कुणी नाही. हे मालिकेत लिहायचं नाही, रसेल.

तुझी,
एनिड मावशी